बोल्ट तुटत नाही, लाकूड दबतं

ओहायोहून एका मराठी गृहस्थांचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: '४ फूट बाय ८ फुटांचा, बाजारात मिळतो तसा छोटा ट्रेलर घेतला. त्यावर बसवायला दोघांना झोपता येईल असा, मागे छोटा ओटा असलेला प्लायवुडचा कॅम्पर गॅरेजमध्ये बांधत आणलाय. बॉडीचं वजन ७५० पौंडांच्या आसपास होईल. तळ म्हणजे चपट्या ठेवलेल्या २ बाय ४ च्या (नावाला २ बाय ४, प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच लाकूड) चौकटीवर पाऊण इंची प्लाय. आता ही बॉडी फ्रेमला धरायची कशी? खालून सहा लॅग स्क्रू (पान्यानं फिरवून लाकडात बसवायचे जाड स्क्रू) मारले तर पुरतील का? मध्ये रबर द्यावं का? शेजारी म्हणतो, चिकटवून टाक, कटकट मिटेल. आणि बोल्टच लावायचे तर अर्ध्या इंचाचे लावू का, म्हणजे तुटायची भीती नको?'

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण खरा घोळ तिथंच आहे. तुटायची भीती सोडून द्या. मिशिगनमध्ये मी आजवर सात कॅम्पर स्वतः बांधले आणि त्याहून जास्त लोकांचे दुरुस्त केले. या कामात तुटलेला बोल्ट मी एकदाही पाहिलेला नाही. जे पाहिलं ते असं: बोल्ट शाबूत, नट शाबूत, आणि वायसर प्लायमध्ये बशीसारखा रुतून बसलेला. बॉडी मोकळी, बोटानं नट फिरतोय.

याचा हिशेब एकदा मांडून बघू या, अवघड नाही. ३/८ इंचाचा ग्रेड ५ चा बोल्ट, म्हणजे डोक्यावर तीन रेघा असतात तो, तुटायला ९,००० पौंडांच्या वर ताण लागतो. तुमची अख्खी बॉडी ७५० पौंडांची. खड्ड्यातून उसळताना ती वजनाच्या दुप्पट जोरानं वर ओढली गेली असं धरलं, तरी झाले १,५०० पौंड. आठ बोल्टांत वाटले तर एकेकाच्या वाट्याला २०० पौंडसुद्धा येत नाहीत. अर्ध्या इंचाचा बोल्ट लावून फायदा काही नाही, उलट फ्रेमच्या अरुंद पट्टीत मोठं भोक पाडून तुम्ही तीच कमजोर कराल.

आता लाकडाकडे बघा. इथल्या दुकानातल्या २ बाय ४ वर 'एसपीएफ' असा शिक्का असतो: स्प्रूस, पाइन, फर. रेषांना आडवा दाब आला तर हिशेबाला दर चौरस इंचाला ४२५ पौंड धरतात. तुमच्याकडे वर प्लाय आहे, तो जरा बरा, पण आकडा फार बदलत नाही. १ इंच व्यासाच्या साध्या वायसरखाली, मधलं भोक वजा करून, जेमतेम ०.६३ चौरस इंच लाकूड येतं. म्हणजे साधारण २७० पौंडांच्या पुढे आवळलं की लाकूड दबायला लागलं. दीड इंची फेंडर वायसर, म्हणजे रुंद वायसर, घेतला तर ७०० पौंड. आणि ३ इंच बाय ३ इंचाची, ३/१६ इंच जाडीची लोखंडी प्लेट घेतली तर जवळजवळ पावणेचार हजार. बोल्ट तोच, नट तोच. फक्त डोक्याखालची जागा बदलली आणि पकड चौदा पट झाली.

पकडीला इतकं महत्त्व कशाला, तर बॉडी जागेवर राहते ती घर्षणावर. बोल्ट खुंटीसारखा आडवा उभा राहून तिला अडवत नसतो. तो बॉडीला फ्रेमवर दाबून धरतो, आणि त्या दाबामुळे बॉडी सरकत नाही. दाब गेला की बोल्ट भोकाच्या कडेवर आदळायला लागतो, भोक लांबट होतं, आणि मग दर ब्रेकला मागून 'टक्' ऐकू येतं. व्यावसायिक ट्रकमधला माल बांधण्याचे इथले केंद्रीय नियम पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट, मागच्या दिशेला आणि बाजूंना ०.५ पट जोर धरायला सांगतात. तुमच्या ट्रेलरला ते नियम लागू नाहीत, पण अंदाजाला मोजपट्टी चांगली आहे. ७५० चे ०.८ म्हणजे ६०० पौंड. साध्या वायसरचे आठ बोल्ट, २७० पौंडांनी आवळलेले, घर्षणाचा आकडा ०.३ धरला तर ६४८ पौंड पेलतात. म्हणजे पहिल्या दिवशी कसंबसं भागलं. पहिल्या हिवाळ्यानंतर नाही भागणार.

कारण लाकूड वाळतं. वाळवून विकलेल्या लाकडातही १९ टक्क्यांपर्यंत ओल चालते. तेच लाकूड हिवाळ्यात गरम ठेवलेल्या गॅरेजमध्ये पडलं की ८-१० टक्क्यांवर येतं. ढोबळ नियम असा की ओल ४ टक्के उतरली की लाकूड जाडीत १ टक्का आकसतं. दीड इंचाच्या २ बाय ४ चे त्यात शंभरातले तीन भाग इंच गेले. ऐकायला काहीच नाही. पण आवळलेल्या बोल्टचा ताण घालवायला एवढं पुरेसं आहे, आणि आत नायलॉनची कडी असलेला नायलॉक नट असला तरी! नायलॉक नट फिरत नाही, हे खरं. पण इथं नट फिरलेलाच नसतो. खालचं लाकूडच बारीक झालेलं असतं.

हे शहाणपण माझं नाही. आमच्या काकांचं कोल्हापूरजवळ, पुणे-बंगळूर रस्त्याला लागून ट्रकच्या बॉड्या बांधायचं काम होतं. शाळेच्या सुट्टीत मी तिथं पाने उचलून देण्याचं काम करायचो. चासीवर आधी लाकडाच्या लांब तुळया, त्यावर हौद्याच्या आडव्या, आणि हे सगळं यू-बोल्टांनी चासीला कवटाळलेलं. गाडी मालकाच्या ताब्यात देताना मिस्त्री एकच अट घालायचे: पहिली खेप करून आलात की आधी इथं या, मग घरी जा. मालक आला की खाली सरपटत जायचं आणि प्रत्येक नट पुन्हा आवळायचा. दर नटाला अर्धा-पाऊण फेरा मिळायचा. मला वाटायचं, यांनी आधी नीट आवळलं नव्हतं. पुढं अमेरिकेत येऊन स्वतःचा हात पोळला तेव्हा कळलं.

तो किस्सा सांगून टाकतो. माझा पहिला कॅम्पर, सहा बोल्ट, साधे वायसर, आणि 'मी इंजिनिअर आहे' ही घमेंड. जुलैत मिशिगनच्या वरच्या भागात निघालो. वाटेत मॅकिनॉचा झुलता पूल लागतो, पाचएक मैलांचा, १९५७ साली सुरू झालेला. त्याच्या आतल्या लेन लोखंडी जाळीच्या आहेत, चाकाखाली सतत गुणगुणत असतात. त्या गुणगुणीतून मला मागून वेगळाच आवाज यायला लागला. पूल ओलांडून सेंट इग्नसला गाडी बाजूला घेतली आणि खाली वाकलो. सहापैकी चार नट बोटांनी फिरत होते आणि पाचवा आपली जागा सोडून गेलेला. वारं सुटलं की त्या पुलावर उंच गाड्यांना ताशी २० मैलांनी, सोबतीची गाडी देऊन नेतात. त्यामागचं कारण मला त्या दिवशी नीट समजलं. ४ बाय ८ ची तुमची भिंत ताशी ६० मैलांच्या आडव्या झोताला सामोरी आली तर तिच्यावर साडेतीनशे पौंडांच्या आसपास रेटा येतो. परत येताना छतावरून रॅचेटचे दोन पट्टे टाकून, बॉडीला गाठोड्यासारखी बांधून घरी आणली.

तर मी काय करतो ते सांगतो.

बॉडीचा जीव भिंतीत असतो, हे आधी लक्षात घ्या. तुमच्या फ्रेमचं चॅनेल, म्हणजे वर-खाली आडव्या पट्ट्या आणि मध्ये उभं पोट असलेला इंग्रजी 'सी'सारखा लोखंडी दांडा, असेल जेमतेम तीन इंच उंच. त्यावर उभी राहणारी प्लायची भिंत चार फूट उंच. काठावर उभी केलेली फळी आणि आडवी ठेवलेली फळी यांत कोणती वाकते ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे बॉडी नीट बांधली असेल तर ती फ्रेमपेक्षा कितीतरी ताठ असते, आणि प्रवासात फ्रेम बॉडीला जेवढी धरते त्याहून बॉडीच फ्रेमला जास्त धरते. म्हणून बोल्ट भिंतीच्या जवळ हवेत, आतल्या बाजूनं दोन-तीन इंचांवर. तळाच्या मधोमध ओळीनं बोल्ट मारणारे मी पाहिले आहेत. त्यात होतं काय, तर प्लाय तेवढा फ्रेमला चिकटून राहतो आणि भिंती त्याच्या कडेला झोके घेतात.

तुमच्या आठ फुटी बाजूला मी चार बोल्ट देईन. पुढच्या आणि मागच्या टोकापासून चारेक इंच आत एकेक, आणि मधले दोन दरवाजाच्या चौकटीच्या दोन्ही अंगांना. दरवाजासाठी कापलेली जागा ही त्या उंच फळीला पडलेली खाच असते, भिंत वळायची झाली तर तिथंच वळणार. दोन्ही बाजूंचे मिळून आठ, शिवाय फ्रेमच्या मागच्या आडव्या पट्टीत दोन. मागे ओटा, भांडी, पाण्याचा कॅन आणि मागचं झाकण, सगळा भार ॲक्सलच्या मागे लोंबकळतो आणि तिथलं आदळणं सर्वांत वाईट असतं. पाट्याचे, म्हणजे स्प्रिंगचे, ब्रॅकेट जिथं फ्रेमला वेल्ड केलेत त्या टाक्यांपासून दोन इंच तरी लांब राहा.

भिंती तळाला कशा धरल्यात ते प्रश्नात नाही. तळाच्या चौकटीच्या उभ्या कडेवर गोंद आणि दर सहा इंचांवर दोन इंची स्क्रू असतील तर ठीक. नुसते ब्रॅड खिळे, म्हणजे बारीक डोक्याचे पातळ खिळे, असतील तर आधी तिकडे वळा. तळ फ्रेमला घट्ट आणि भिंती तळाला सैल, अशी बॉडी म्हणजे पाट जागेवर आणि देव रस्त्यावर.

बोल्ट साडेतीन इंच लांबीचा घ्या. प्लेट, पाऊण इंच प्लाय, दीड इंच लाकूड, फ्रेमची पट्टी, खालचा वायसर आणि नट, एवढं सगळं ओलांडून काही आटे बाहेर दिसतात. या लांबीच्या बोल्टला आटे फक्त शेवटच्या एका इंचात असतात, त्यामुळे लाकूड आणि फ्रेम जिथं भेटतात तिथं बोल्टचा गुळगुळीत भाग येतो, आट्यांची करवत येत नाही. पूर्ण आट्यांचा बोल्ट म्हणून घेऊ नका. आधी एक बोल्ट कोरडा घालून बघा. नट आटे संपून टेकत असेल तर खाली आणखी एक वायसर टाका. नाहीतर पाना घट्ट लागतोय असं वाटेल आणि बॉडी सैलच राहील.

प्लेट आतून, तळाच्या वर. गादीखाली टोचू नये म्हणून छिन्नीनं प्लेटपुरता प्लाय खरवडून ती बसवा, पण प्लेटच्या जाडीपेक्षा खोल जाऊ नका. गोल डोक्याचे कॅरेज बोल्ट दिसायला छान, त्यांचं डोकं मात्र साध्या वायसरपेक्षाही लहान असतं. वर मानेचा चौकोन एकदा लाकडात फिरला की नट उघडायला ग्राइंडरच लागतो. हौस म्हणून एकदा वापरले होते, नाद सोडला.

खालच्या बाजूला तुमची फ्रेम कोणती ते बघा. पत्रा वाकवून केलेलं चॅनेल असेल तर पट्टी सपाट असते, साधा जाड वायसर चालतो. गरम रोल केलेलं जड चॅनेल असेल तर पट्टी आतून उतरती असते, सहाला एक या प्रमाणात. तिथं सरळ वायसर लावला तर नट तिरका बसतो आणि बोल्ट वाकडा खेचला जातो. त्यासाठी पाचरीसारखे तिरपे वायसर मिळतात, तेच घ्या. आणि चौकोनी पाइपची फ्रेम असेल तर पाइपच्या आरपार बोल्ट घालून आवळू नका, पाइप चपटा होईल. आत बोल्टभोवती पाइपच्याच उंचीची नळी घाला, म्हणजे दाब त्या नळीवर येईल. नळी घालायला जागा नसेल तर पाइपच्या बाजूला अँगलचे तुकडे लावून त्यांतून बोल्ट घ्या.

कितपत आवळायचं? प्लेट असेल तर १५ ते २० फूट-पौंड. टॉर्क पाना, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, उसना मिळाला तर उत्तम, दर बोल्टला हात वेगळा लागतो. नायलॉकचा स्वतःचा अडसर थोडा असतो, तो आधी नट मोकळा फिरवताना पान्यावर बघून ठेवा आणि तेवढा वर धरा. साध्या वायसरचा तो २७० पौंडांचा आकडा या भाषेत सांगायचा तर दोन फूट-पौंडसुद्धा होत नाही. दोन बोटांनी पाना धरून जेवढं होईल तेवढं! त्यापुढे जे घट्ट वाटतं ती लाकूड चिरडल्याची जाणीव असते.

लॅग स्क्रू नकोत, सहाही नकोत आणि सोळाही. खालून वर मारलेल्या लॅग स्क्रूला धरायला तुमच्या तळात सव्वादोन इंच लाकूड आहे, आणि तेही मऊ. रस्त्याचं पाणी स्क्रूच्या आट्यांतून वर चढतं, तिथंच कुजायला सुरुवात होते, आणि एकदा सैल झाला की पुन्हा आवळता येत नाही, नुसता फिरतो. वरून लोखंडात मारायचे सेल्फ-टॅपिंग स्क्रू त्याहून वाईट. ते कडक असतात, हलत्या सांध्यात त्यांची डोकी उडतात. बोल्ट लावताना बॉडी जागेवर धरायला दोन-चार मारा हवं तर, नंतर काढून टाका.

यू-बोल्ट चांगले, फ्रेमला भोक पडत नाही. पण उघड्या चॅनेलला यू-बोल्ट आवळला की चॅनेलच्या पट्ट्या आत झुकतात. काकांकडे अशा प्रत्येक जागी चॅनेलच्या पोटात लाकडाचा ठोकळा ठोकून बसवत, तो मापात नसेल तर मिस्त्री परत पाठवायचे. दुसरं, यू-बोल्ट बॉडीला वरखाली धरतो, पुढेमागे सरकू देतो. म्हणून निदान दोन ठिकाणी सरळ बोल्टनं किंवा अँगलनं अडकवावं लागतंच. एवढ्या छोट्या ट्रेलरला मी भोकंच पाडतो. उभ्या पोटात भोक पाडून अँगलचा तुकडा लावता आला तर आणखी बरं, कारण वाकण्याचा ताण चॅनेलच्या वरच्या आणि खालच्या पट्ट्यांवर जास्त असतो, मध्ये कमी. खालच्या पट्टीला मात्र हात लावायचा नाही, ना भोक, ना आडवा वेल्डिंगचा टाका. कंपनीनं आधीच पाडलेली भोकं असतील, बाजूला खुंट्या उभ्या करायचे खोबण असतील, तर आधी ते वापरा.

रबर नको. चासीवर बसणाऱ्या मोठ्या गाड्यांना रबरी बुश असतात हे खरं, पण त्यांच्या मधोमध लोखंडी नळी असते आणि बोल्ट आवळला जातो तो त्या नळीवर. आपण दुकानातली रबराची चादर कापून मध्ये घातली तर आवळलेला ताण रबर गिळून टाकतं, आणि वर सांगितलेला सगळा हिशेब पाण्यात. पातळ ब्युटाइल टेप, म्हणजे फटी बुजवायची मऊ चिकट पट्टी, मात्र जरूर लावा. तो दाबाखाली पसरून जवळजवळ नाहीसा होतो आणि लोखंड-लाकडाच्या फटीत पाणी शिरू देत नाही. फ्रेमवर पावडर कोटिंगचा जाड थर असेल तर तोही बोल्टखाली हळूहळू दबतो, पुन्हा आवळायचं हे आणखी एक कारण.

आणि चिकटवणं. तुमच्या शेजाऱ्यांचं म्हणणं मला समजतं, आजकालचे गोंद जबरदस्त आहेत. पण पाच वर्षांनी ॲक्सल बदलावा लागेल, फ्रेमला गंज दिसेल, कोणीतरी मागून धडक देईल. मी एका माणसाची चिकटवलेली बॉडी फ्रेमवरून सोडवली आहे, दोन दिवस वायर सॉ ओढत. त्याऐवजी दहा नट वीस मिनिटांत निघतात. शिवाय बॉडी वर असताना खालून वेल्डिंग कधीच करायचं नाही. प्लाय पेट घेतो, आतला फोम त्याआधी. म्हणून बॉडी उतरवता येणं ही चैन नाही.

लाकडाबद्दल आणखी एक. कुजू नये म्हणून तळाला हिरवट, औषध घातलेलं लाकूड वापरलं असेल तर साधे जस्ताचा पातळ मुलामा दिलेले बोल्ट चालणार नाहीत. घरगुती वापराच्या लाकडातून आर्सेनिकचं औषध २००३ अखेर बंद झालं, त्यानंतर तांब्याची औषधं आली, आणि तांबं लोखंडाला खातं. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला तर जास्तच. तिथं हॉट-डिप गॅल्वनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून जाड थर दिलेले) किंवा स्टेनलेस घ्या. स्टेनलेसवर नायलॉक फिरवताना आटे एकमेकांत घट्ट अडकतात, तेव्हा अँटी-सीझचं, म्हणजे आटे अडकू न देणाऱ्या मलमाचं, बोट लावा. मग वर दिलेला टॉर्क थोडा कमी करायचा, कारण ओशट आट्यांवर तेवढ्याच जोरात जास्त ताण बसतो. साधं लाकूड असेल तर तळाची खालची बाजू आणि प्रत्येक भोकाच्या आतली भिंत रंगवून घ्या. इथल्या रस्त्यावरचं मीठ भोकातूनच आत जातं, आणि लोक नेमकं भोकाला विसरतात.

ट्रेलर मधून घडी होणारा असेल तर फ्रेमच्या बाजू अखंड नसतात, मध्ये बिजागरी किंवा बोल्टचा सांधा असतो. तुमची बॉडी बसली की घडी कायमची संपली, पण सांधा राहतो आणि तो रोज थोडा थोडा हलतो. सांध्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंचांवर बोल्ट द्या, आणि त्याआधी सांध्यावरून फूटभर लांबीची लोखंडी पट्टी बोल्टनं मारून घ्या. हे बोल्ट वरच्या दहांत धरू नका.

आता सगळ्यात आधी करायचं काम, जे मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण एरवी लोक ते वाचून विसरतात. एकही भोक पाडण्याआधी बॉडी फ्रेमवर नुसती ठेवा आणि पुढच्या, गाडीला जोडायच्या दांडीवर किती वजन येतं ते मोजा. बैलगाडी भरणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. माल मागे जास्त झाला तर गाडी उलाळते, पुढे जास्त झाला तर जू बैलाच्या मानेवर रुततं. ट्रेलरचं तसंच, फक्त उलाळायच्या ऐवजी तो हायवेवर शेपूट हलवायला लागतो, आणि ते वाढत गेलं की गाडीसकट लोळण घेतो. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांडीवर हवा. बॉडी, फ्रेम आणि सामान मिळून तुमचं १,१०० पौंडांच्या आसपास जाईल असं धरतो, म्हणजे दांडीवर ११० ते १६५. बाथरूममधला वजनकाटा फळीवर ठेवा, त्यावर लाकडाचा ठोकळा आणि त्यावर दांडीचं टोक, हिचच्या, म्हणजे गाडीमागच्या जोडणीच्या, उंचीला येईल असं. चाकांना पाचरी लावा. पाण्याचे कॅन भरा, गादी टाका, मागच्या ओट्यात शेगडी, आइसबॉक्स, सगळं जसं नेणार तसं. रिकाम्या बॉडीवर मोजलेलं कामाचं नाही, ओटा मागे असतो आणि तोच आकडा फिरवतो. कमी भरलं तर बॉडी दोन इंच पुढे सरकवा आणि पुन्हा मोजा. आकडा जमला की फ्रेमवर खडूनं रेघ मारा आणि मग ड्रिल उचला.

ड्रिल उचलताना चॅनेलच्या पोटात हात घालून वायरिंग कुठून गेलंय ते चाचपा. मी दुसऱ्या कॅम्परच्या वेळी वरून भोक पाडलं ते थेट तपकिरी वायरमधून. तपकिरी म्हणजे मागचे दिवे, पांढरी अर्थ, पिवळी डावीकडची, हिरवी उजवीकडची. अंधार पडेपर्यंत पत्ता लागला नाही, आणि कळवलं ते मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानं, हॉर्न वाजवून. वायरिंग सोडवून बाजूला बांधा, भोकं पाडून झाल्यावर परत बसवा.

सगळं आवळून झालं की प्रत्येक नटावरून फ्रेमवर जाईल अशी पांढऱ्या पेंट मार्करची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय. रेघ सरळ असूनही पाना फिरतोय, तर लाकूड आकसलंय. पहिल्यांदा ५० मैलांवर थांबून बघायचं, मग ५०० मैलांवर, आणि त्यापुढे दर वर्षी हिवाळा संपल्यावर. ९/१६ चे दोन पाने लागतात आणि माणसंही दोन लागतात: एकानं आत गादी उचलून डोकं धरायचं, दुसऱ्यानं खाली आडवं पडून नट फिरवायचा. आमच्याकडे आत बायको असते. मी खालून 'झालं का?' विचारलं की ती वरून सांगते, अजून पाव फेरा बाकी आहे. तिचा अंदाज टॉर्क पान्याशी बहुतेक वेळा जुळतो.

दांडीवर किती वजन भरलं आणि फ्रेम चॅनेलची आहे की पाइपची, एवढं कळवा. मग बोल्टांच्या नेमक्या जागा इंचात सांगतो.